व्यसनमुक्ती केंद्र: खाटा वाढवायच्या की तालुक्याला क्लिनिक काढायचं?

ट्रस्टकडे जागा आहे, थोडाफार निधी जमलाय आणि पुढं काय करायचं यावर बैठका चालू आहेत, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही वाटांची उदाहरणं आपल्या राज्यातच आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून माणसाला ३५ दिवस ठेवून घेतं. गडचिरोलीत २०१६ ला सुरू झालेलं मुक्तिपथ गावागावांत शिबिरं घेतं आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक चालवतं.

खाटेची खरी गरज कुणाला? जो सकाळी उठल्याउठल्या पितो, ज्याला दारू थांबताच थरथर सुटते, त्याला. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भिंतीवर मुंग्या दिसतात, तो चादर चिमटत बसतो, घरच्यांना ओळखत नाही. यात जीव जाऊ शकतो. त्याला ‘घरीच सोड’ म्हणणं धोक्याचं आहे. जवळ डॉक्टर, रात्रपाळीला नर्स आणि जिल्हा रुग्णालयाशी बांधलेली सोय नसेल, तर नुसत्या खाटा टाकू नका. शिवाय गुत्ता, मित्र, हातातला पगार यांपासून महिनाभर लांब राहणं काहींना लागतंच.

पण २०१९ चा केंद्र सरकारचा पाहणी अहवाल बघा. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळालेला होता, दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. दहा-वीस खाटा वाढवून ही दरी बुजत नाही. हातावर पोट असलेला माणूस महिनाभराची मजुरी सोडून येणार कसा? क्लिनिकला तो बाजाराच्या दिवशी येऊ शकतो, गोळ्या घेतो, समुपदेशकाशी बोलतो आणि संध्याकाळी घरी जातो. बायकाही निवासी केंद्रात यायला कचरतात. त्यांच्यासाठी तर क्लिनिकच सोयीचं. उणीव एकच: संध्याकाळी तो त्याच गुत्त्यावरून घरी जातो.

माझं मत स्पष्ट आहे. आधी क्लिनिक आणि फॉलोअप, मग खाटा. महिनाभर राहून आलेल्या माणसाची परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते. त्या वेळी दर आठवड्याला विचारणारं कुणी नसेल, तर घसरायला वेळ लागत नाही. बायकोलाही वेगळं बोलायला जागा हवी. पगार लपवणं, सासरच्यांची बोलणी हे ती नवऱ्यासमोर सांगत नाही.

तुमच्याकडे आधीच केंद्र असेल आणि दाखल व्हायला रांग लागत असेल, तर मात्र खाटा जरूर वाढवा. फक्त २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालची नोंदणी आधी करा. कोंडून ठेवणं, मारहाण, नातेवाइकांना भेटू न देणं, हे शिस्तीच्या नावाखाली चालणार नाही. आणि नव्या खाटांच्या खर्चातच, परतलेल्यांच्या गावी फिरणाऱ्या एका कार्यकर्त्याचा पगार धरा.