क्लस्टरवर जिअँट-४: सीव्हीएमएफएस, कंटेनर की स्वतःचा बिल्ड?

डिटेक्टरची भूमिती लिहून झाली, लॅपटॉपवर हजार इव्हेंट नीट चालले, आता एक कोटी हवेत आणि हाताशी संस्थेच्या क्लस्टरचं खातं आहे. रूट (अ‍ॅडमिनची) परवानगी नाही, होम डिरेक्टरीचा कोटा तुटपुंजा. अशा ठिकाणी जिअँट-४, म्हणजे कणांचा पदार्थातून होणारा प्रवास सिम्युलेट करणारं सॉफ्टवेअर, आणायच्या चार वाटा आहेत: सीव्हीएमएफएस, कंटेनर, सोर्सवरून बिल्ड आणि कोंडा. वेगात त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. कंटेनरमुळे (सॉफ्टवेअर त्याच्या लायब्ररींसकट एकत्र बांधलेली पेटी) सिम्युलेशन मंदावतं ही भीतीसुद्धा फोल आहे, कारण तो व्हर्च्युअल मशीन नसतो, होस्टचाच, म्हणजे यजमान यंत्राचाच, कर्नल वापरतो. ठरवताना बघायचं ते असं: ऑपरेटिंग सिस्टिम किती जुनी आहे आणि जिअँट-४ च्या भौतिकीच्या डेटा फायली कुठे राहणार.

सीव्हीएमएफएस ही सर्नची फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम. लागेल ती फाइल एचटीटीपीवरून येते आणि नोडवरच्या (क्लस्टरमधल्या त्या यंत्रावरच्या) कॅशेत बसते. एलसीजी व्ह्यू, म्हणजे तिथल्या तयार सॉफ्टवेअर संचाची, सेटअप फाइल सोर्स केली की जिअँट-४, रूट (डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि कंपायलर एकमेकांशी जुळलेले मिळतात, कोट्यातला एक बाइटही जात नाही. सर्नच्या सीएमएस प्रयोगाचं टियर-२ संगणन केंद्र असलेल्या टीआयएफआरसारख्या ठिकाणी ही सोय असतेच. इतरत्र ती अ‍ॅडमिनने बसवावी लागते, आणि कंप्यूट नोडला (जिथे जॉब चालतात) बाहेरचं इंटरनेट नसेल तर मध्ये स्क्विड प्रॉक्सी, म्हणजे फायली आणून देणारा मध्यस्थ सर्व्हरही लागतो. लॉगिन नोडवर (जिथे आपण आत शिरतो) दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. इंटरॅक्टिव्ह जॉब घेऊन कंप्यूट नोडवर तपासा, आणि तेही रिपॉझिटरीचं पूर्ण नाव देऊन. ऑटोमाउंट (मागितल्यावरच जोडणी) असल्यामुळे नुसती वरची डिरेक्टरी पाहिली तर ती रिकामी भासते.

सीव्हीएमएफएसची खरी अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनच्या सुरुवातीच्या यंत्रांवर सेंटओएस ७ होतं. त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला, पण संशोधन क्लस्टरवर अशी जुनी सिस्टिम वर्षानुवर्षं तशीच राहते. तिथलं जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७, तर एंटरप्राइझ लिनक्स ९ साठी बांधलेल्या व्ह्यूला हवं २.३४. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. नवं जीलिबसी होममध्ये टाकून लायब्ररी पाथने पुढे ढकलायचा मोह टाळा, त्याने साधं ‘एलएस’सुद्धा कोसळतं.

इथे अ‍ॅपटेनर, म्हणजे पूर्वीचं सिंग्युलॅरिटी, हे क्लस्टरवर कंटेनर चालवणारं साधन कामाला येतं. जीलिबसी कंटेनरच्या आतलंच वापरलं जातं, त्यामुळे वरचा प्रश्न उरत नाही. शिवाय सगळं मिळून एकच एसआयएफ (कंटेनरची इमेज) फाइल, त्यामुळे क्लस्टरच्या लस्टर या सामायिक फाइल सिस्टिमच्या मेटाडेटा सर्व्हरवर हजारो छोट्या फायली उघडण्याचा भार येत नाही. माझा कौल बहुतेकांसाठी यालाच. दोन ठिकाणी मात्र ठेच लागते. इमेज ओढताना कॅशे होममध्ये जाते आणि कोटा भरतो, म्हणून कॅशेची जागा आधीच स्क्रॅचवर (तात्पुरत्या फायलींच्या मोठ्या जागेवर) वळवा. दुसरं म्हणजे होस्टचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आत झिरपतात. शेलमध्ये जिअँट-४ च्या दुसऱ्या आवृत्तीचा डेटा पाथ पडून असेल आणि कंटेनरने स्वतःचा ठरवलेला नसेल, तर आतला प्रोग्रॅम तोच उचलतो. ‘क्लीन-एन्व्ह’ पर्याय देऊनच चालवा.

सोर्सवरून बिल्ड करायचा तो जिअँट-४ च्या कोडलाच हात लावायचा असेल तेव्हा. आवृत्ती ११ ला सी++१७ लागतं आणि सेंटओएस ७ चा जीसीसी ४.८.५ त्याला पुरत नाही, आधी नवं मॉड्यूल लोड करा. आठ कोअरवर साधारण पाव ते अर्धा तास लागतो. आकडा न देता ‘मेक -जे’ लॉगिन नोडवर सोडलं की अ‍ॅडमिनची मेल आलीच समजा. आणि लॉगिन नोडच्या नव्या सीपीयूसाठी ‘मार्च=नेटिव्ह’ने बांधलेला प्रोग्रॅम जुन्या कंप्यूट नोडवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन मरतो.

कोंडा हा पॅकेज मॅनेजर लॅपटॉपवर ठीक. क्लस्टरवर त्याच्या असंख्य छोट्या फायली आयनोडचा, म्हणजे फायलींच्या संख्येचा, कोटा खातात.

वाट कोणतीही घ्या, डेटा फायलींकडे लक्ष हवंच. त्या साधारण दोन जीबी भरतात. बिल्डमध्ये डेटा आपोआप उतरवायला सांगितलं आणि बिल्ड इंटरनेट नसलेल्या नोडवर चालला, तर तो तिथेच अडकतो. लॉगिन नोडवर आधी उतरवून घ्या. मग जागा कमी म्हणून त्या स्क्रॅचवर ठेवल्या जातात, आणि बरेच दिवस न वाचलेल्या फायली स्क्रॅचची सफाई एकेक करून उडवते. ‘एचपी’ (हाय प्रिसिजन, न्यूट्रॉनचा बारीक हिशेब) शेपटी असलेल्या फिजिक्स लिस्टमध्ये यातून वाईट घोटाळा होतो. एखाद्या आयसोटोपची न्यूट्रॉन फाइल गायब असेल, तर जिअँट-४ मुळात जवळच्या झेड-ए च्या (अणुक्रमांक आणि वस्तुमानांक) दुसऱ्याच आयसोटोपचा डेटा वापरतं. जॉब पूर्ण होतो, आलेख सुबक येतात, फक्त न्यूट्रॉन चुकीचे असतात. ‘स्किप मिसिंग आयसोटोप्स’ व्हेरिएबल लावलं तर दुसऱ्याचा डेटा घेतला जात नाही, पण त्या आयसोटोपचा क्रॉस-सेक्शन शून्य धरला जातो आणि फक्त इशारा छापला जातो, म्हणून लॉग तपासा. सीव्हीएमएफएस किंवा डेटा आतच भरलेला एसआयएफ घेतला, तर एकेक फाइल गळण्याचा हा धोका राहत नाही. एसआयएफ मात्र स्क्रॅचऐवजी प्रोजेक्टच्या जागेत ठेवा.

स्लर्ममध्ये (क्लस्टरवर जॉब वाटणारी प्रणाली) मल्टिथ्रेडेड जिअँट-४ ला एक टास्क आणि त्याला सोळा सीपीयू द्या. थ्रेडची संख्या स्लर्मच्या ‘सीपीयूज पर टास्क’ व्हेरिएबलमधून घ्या. भूमिती आणि फिजिक्सची कोष्टकं थ्रेडमध्ये सामायिक असल्याने मेमरी सोळापट होत नाही. उलट सोळा टास्क मागून ‘एसरन’ (स्लर्मची प्रोग्रॅम चालवायची आज्ञा) केलं, तर सोळा स्वतंत्र प्रती सुरू होतात, एकाच आउटपुट फाइलवर तुटून पडतात आणि कोडमध्ये सीड (यादृच्छिक संख्यांचा आरंभबिंदू) दिलेलं नसेल तर सगळ्या तेच इव्हेंट पुन्हा पुन्हा बनवतात. जॉब अ‍ॅरेलाही हाच नियम: प्रत्येक जॉबचं सीड आणि फाइलचं नाव अ‍ॅरेच्या क्रमांकावरून ठरवा, आणि पहिल्या दोन जॉबचे आकडे वेगळे आलेत हे बघूनच उरलेले रांगेत लावा.