दोन लिटर पाणी पाठीवर : हायड्रेशन बॅग सात महिने वापरल्यावर

ऑक्टोबरमध्ये घेतली, आता मे चाललाय. 2 लिटरच्या ब्लॅडरची, म्हणजे आत पाण्याची मऊ पिशवी आणि तिला प्यायची नळी असलेली, साधी बॅग आहे आणि जवळजवळ दर रविवारी ती जाम गेट या जुन्या दरवाज्याच्या बाजूला नेलीये. पहाटे इंदूरहून सायकल गाडीवर टाकून निघायचं, महूच्या पुढे उतरायचं आणि विंध्याच्या कडेकडेने मुरमाची पायवाट धरायची, एका हाताला माळव्याचं पठार नि दुसऱ्या हाताला खोल खाली निमाड.

आधी फ्रेमला बाटली असायची. दगडांवर हँडल सोडून ती काढवत नाही, मग पाणी प्यायचंच राहायचं आणि परतताना डोकं ठणकायचं. नळी खांद्यावर आल्यापासून सायकल चालवता चालवता घोट-घोट जातं, डोकेदुखी बंद. एवढ्यातच माझे पैसे वसूल झाले.

पण पाणी भरायचं कुठे? त्या डोंगरधारेवर उन्हाळ्यात टिपूस मिळत नाही, म्हणून मधल्या वस्तीचा हातपंप हाच आमचा थांबा. ब्लॅडरचं तोंड रुंद आहे, तरी एकट्याने एका हाताने पंप हाणत दुसऱ्या हाताने ती लोळागोळा पिशवी धरणं होत नाही, तोंड मिटतं नि धार बाहेर जाते. मार्चमध्ये तिथल्या एका आजींनी न सांगता आपला हंडा बाजूला सरकवला आणि पिशवी गच्च होईपर्यंत पंप मारत राहिल्या. तेव्हापासून मी आधी त्यांचा हंडा भरतो, मग माझी पिशवी.

तक्रार एकच पण मोठी, चौथ्या महिन्यात नळीच्या टोकाचा, तोंडात धरायचा व्हॉल्व्ह गळायला लागला, छाती ओली व्हायची. कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर नाही, शेवटी व्हॉल्व्ह वेगळा मागवून बसवला. आणि लिंबू-साखर आत अजिबात घालू नका, नळीत काळी बुरशी धरते, मला कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवावी लागली. मीठ-साखरेचं पाणी छोट्या बाटलीत वेगळं न्या. उन्हात पहिला घोट गरम येतो, तर पिऊन झालं की नळीत फुंकायचं, पाणी मागे पिशवीत जातं.

गेल्या रविवारी जाम गेटच्या, अहिल्याबाई होळकरांच्या त्या 1791 च्या दरवाज्याच्या सावलीत पोचलो तेव्हा पिशवी रिकामी होती. हिवाळ्याला 2 लिटर भरपूर, मेमध्ये जाणार असाल तर 3 चीच घ्या.