मागून धडक, पाठोपाठ ऑफर: विमा कंपनीच्या ‘झटपट सेटलमेंट’चा अनुभव

ज्यांना एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधी गुण देऊन टाकतो. वेगाला पाचपैकी पाच, बोलण्याचालण्याला चार, पहिल्या आकड्याला एक, शेवटच्या आकड्याला साडेतीन. पहिला आणि शेवटचा यांत एवढा फरक का पडला, तेवढं सांगण्यासाठी पुढचं लिहितोय.

कंपनीचं नाव घालत नाही. एक तर ती माझी कंपनी नाही, मला ठोकणाऱ्या गाडीची आहे. दुसरं म्हणजे चार ठिकाणी चौकशी केल्यावर कळलं की खाक्या सगळीकडे साधारण हाच. मी हिशेब तपासणीत उभी हयात घालवलेला माणूस, त्यामुळे नजर आधी कागदावरच जाते. तो दोष समजून वाचा.

प्रकार साधा होता. मी सिग्नलला थांबलेलो, मागच्याला थांबायचं सुचलं नाही. बंपर, डिकी, एक दिवा. त्या क्षणी मला काहीच झालं नव्हतं. उतरलो, फोटो काढले, समोरच्याचा पॉलिसी नंबर घेतला, पोलिसात नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलेना. अशा धडकेत हे अगदी नेहमीचं आहे. धड सीटबरोबर पुढे जातं, डोकं क्षणभर मागे राहतं, मग झटक्याने पुढे येतं. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात आणि सूज चढायला वेळ लागतो. त्यामुळे दुखणं कित्येकदा एक-दोन दिवसांनी उगवतं. एक्स-रेमध्ये यातलं काही दिसत नाही, कारण त्यात दिसतात ती हाडं.

आणि कंपनीचा फोन आला तो याच दिवसांत, मान वळत नसताना. दावा विभागातली मुलगी अतिशय गोड बोलणारी होती. “सर, आता कसं वाटतंय?” आपल्याकडे याला एकच उत्तर असतं, मरणाच्या दारात असलो तरी “बरं आहे” म्हणायचं. पण सुरुवातीलाच तिने कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सांगितलं होतं, म्हणून मी म्हटलं, “मान दुखतेय, उपचार सुरू आहेत, पुढचं डॉक्टर सांगतील.” तिने तेच वाक्य तीन तऱ्हांनी विचारलं, मी तेच वाक्य तीनदा दिलं. रेकॉर्डेड जबाब द्यायची माझ्यावर सक्ती होती का? समोरच्याच्या कंपनीला द्यायची सहसा नसते. स्वतःच्या कंपनीचं वेगळं, तिथे सहकार्याची अट पॉलिसीतच लिहिलेली असते. अपघात कुठे, कधी, कसा झाला एवढं सांगितलं, शरीराबद्दल लेखी कळवतो म्हटलं. ती रागावली नाही. म्हणून वागणुकीला चार.

लगेचच ईमेलवर ऑफर. ॲपवर एक हिरवं बटण, दाबलं की पैसे खात्यात. इतका सुटसुटीत कारभार मी कुठल्या बँकेतही पाहिलेला नाही. आकडा होता तोपर्यंतच्या बिलांपेक्षा जरासा जास्त, म्हणजे बिलं भागून वर हातात काहीतरी उरतंय असं वाटावं इतका. घरात तर आनंदच झाला. “घेऊन टाका, कशाला कटकट,” ही म्हणाली, आणि तिचं अगदीच चूक होतं असं नाही. ज्याची मान आठवड्याभरात सुटली त्याला तो आकडा पुरलाही असता.

बटणाच्या खाली, बारीक अक्षरात, मुक्तिपत्र होतं. ते मी छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या परिच्छेदात ठोकणारा चालक, गाडीचा मालक आणि कंपनी या तिघांनाही मी मोकळं करतो, असं. दुसऱ्यात या अपघातातून उद्भवलेले “ज्ञात व अज्ञात, सध्याचे व भविष्यातील” सर्व दावे मी सोडतो, असं. तिसऱ्यात गाडीचं नुकसान आणि शारीरिक दुखापत दोन्ही एकाच रकमेत मिटल्याचं. चौथा मला सगळ्यात मोलाचा वाटला: माझ्या उपचारांचा खर्च आणखी कोणी केला असेल, समजा माझ्या आरोग्य विम्याने, आणि त्याने तो परत मागितला, तर ती जबाबदारी माझी. म्हणजे मिळालेल्या रकमेतून उद्या दुसरी विमा कंपनी तिचा वाटा उचलून नेऊ शकते. आधी पहिल्या कंपनीला सही द्यायची, मग दुसरीला पैसे. चार परिच्छेदांत बसवलेला एवढा गच्च मजकूर मी ताळेबंदांच्या टिपांमध्येही क्वचित पाहिला असेल.

या घाईमागचं गणित कळलं की राग येत नाही, उलट थोडं कौतुकच वाटतं. मानेच्या दुखापतीची किंमत मुख्यतः ती किती काळ टिकली यावर ठरते, आणि पहिल्या आठवड्यात ते डॉक्टरलाही माहीत नसतं. कंपनीला एका माणसाचं माहीत नसलं तरी हजारोंची सरासरी माहीत असते. तेव्हा आपल्याला अंदाज येण्याआधी व्यवहार उरकला तर फायदा कोणाचा, हे उघड आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर ३१ मे २०२१ पासून मानेच्या अशा दुखापतीत वैद्यकीय अहवाल आल्याशिवाय तडजोडीची ऑफर द्यायलाच बंदी आहे, आणि भरपाईचा तक्ता सरळ महिन्यांवर लावलाय: दुखणं तीन महिने टिकलं तर इतके, सहा महिने टिकलं तर इतके, असं दोन वर्षांपर्यंत. तो कायदा आणला खोट्या दाव्यांना आळा घालायला, हेही खरं. पण अहवालाआधी आकडा नको, हे त्यात लिहिलं गेलं.

मी ऑफर नाकारली नाही. लिहून कळवलं की उपचार सुरू आहेत, दुखणं स्थिरावल्यावर कागदपत्रांसह मागणी पाठवतो. तोवर गाडीच्या दुरुस्तीचा हिशेब स्वतंत्र पावतीवर मिटवावा. गाडीचं त्यांनी चटकन वेगळं केलं. हे इतक्या सहज होत असेल तर आधी एकत्र का होतं, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही.

मधल्या काळात त्यांनी एक संमतीपत्र पाठवलं: माझे सगळे वैद्यकीय कागद, कुठल्याही दवाखान्यातले, कुठल्याही काळातले, मागवण्याचा अधिकार. त्यावर मी अपघाताची तारीख, “मान, खांदे व डोकेदुखी” आणि उपचार करणाऱ्या दोनच ठिकाणांची नावं हाताने घातली आणि बाकीचं खोडून सही केली. मानेचा जुना त्रास असेल तर तो लपवू नये, उलट आपणच आधी सांगावा. असलेलं दुखणं धडकेने वाढलं तर त्या वाढीचीही भरपाई मागता येते. पण माझ्या पित्ताशयाची सोनोग्राफी त्यांना कशाला हवी?

डॉक्टरांच्या नोंदींवर थोडं थांबायला हवं, कारण सगळा फरक तिथे पडला. पहिल्या भेटीच्या कागदावर फक्त “मानदुखी” होतं. अशा दुखापतींची एक श्रेणी डॉक्टर लोक वापरतात, कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या एका कार्यगटाने १९९५ मध्ये ठरवलेली, शून्य ते चार. नुसतं दुखणं आणि ताठरपणा म्हणजे श्रेणी एक. तपासताना मान कमी वळते, दाबल्यावर ठरावीक जागी कळ येते असं डॉक्टरला आढळलं, तर दोन. हाताला मुंग्या, शक्ती कमी, अशी मज्जातंतूंची लक्षणं असतील तर तीन. हाड मोडलं किंवा निखळलं तर चार. माझी मान डावीकडे अर्धीच वळत होती, गाडी मागे घेताना खांद्यासकट अख्खं धड फिरवावं लागायचं, पण हे कागदावर कुठेच नव्हतं. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी कोन मोजून लिहिलं. खोटं एक अक्षर नाही; होतं तेच लिहिलं गेलं.

हे महत्त्वाचं अशासाठी की बऱ्याच देशांत मोठ्या कंपन्या आकडा माणसाकडून कमी आणि सॉफ्टवेअरकडून जास्त काढतात. ‘कोलोसस’ नावाची अशी एक प्रणाली प्रसिद्ध आहे. निदान, लक्षणं, उपचारांचा कालावधी अशा नोंदी तिला भरवतात आणि ती किमतीचा पल्ला सांगते. तिच्या वापरावरून अमेरिकेत २०१० मध्ये एका बड्या कंपनीने ४५ राज्यांच्या नियामकांशी १ कोटी डॉलरचा समझोता केला. तुमच्या केसमध्ये सॉफ्टवेअर असो वा नसो, जे कागदावर नाही ते त्यांच्यासाठी घडलेलंच नाही. दोन फिजिओथेरपींच्या मध्ये महिन्याची दांडी मारलीत, तर “मधल्या काळात तुम्ही बरे होतात” असं उत्तर येतं. सोशल मीडियावर पुतण्याच्या हळदीतला नाचतानाचा फोटो टाकलात, तर तोही फाइलला लागतो.

उपचार आटोपल्यावर मी मागणीचं पत्र पाठवलं. दोन पानं. अपघात कसा झाला ते चार ओळींत, चूक कोणाची ते पोलिसांच्या नोंदीच्या आधाराने, मग उपचार तारीखवार, मग बिलं, औषधं, दवाखान्याचं जाणं-येणं, बुडालेलं काम, आणि शेवटी यातना व गैरसोय यांसाठी वेगळी रक्कम. “बिलांना तिनाने गुणा” हे सूत्र गल्लोगल्ली ऐकायला मिळतं. तसा कायदा कुठेही नाही, आणि तसं लिहून पाठवलंत तर समोरचा मनात हसतो. त्यापेक्षा किती आठवडे झोप मोडली, काय करता आलं नाही, हे तारखांसह लिहिलेलं जास्त चालतं.

उत्तरात त्यांनी दोन मुद्दे काढले. पहिला, एक्स-रे स्वच्छ आहे. त्यावर मी डॉक्टरांच्या कोन मोजलेल्या नोंदीकडे बोट दाखवलं. पुन्हा तो विषय निघाला नाही. दुसरा, रजा भरपगारी होती, म्हणजे माझं नुकसान शून्य. इथे मात्र मला मजा आली, कारण हा माझ्या धंद्यातला विषय. साठलेली रजा ही माझी मालमत्ता आहे, ती त्यांच्या ग्राहकाच्या चुकीमुळे खर्ची पडली, आणि कार्यालयाचं पत्र सोबत जोडलंय. थोडी घासाघीस झाली. रजेचे त्यांनी अर्धे धरले, यातनांचा भाग वाढवला. अंतिम रक्कम पहिल्या ऑफरच्या दुपटीच्या आसपास गेली. मी मागितलं होतं त्याहून कमी, पण मनात धरलेल्या किमान आकड्याच्या वर. तो किमान आकडा पत्र पाठवण्याआधी वहीत लिहून ठेवला होता, म्हणजे फोनवर गोड आवाज आला तरी तो हलत नाही.

वकील का नाही केला, असं एकाने विचारलं. टक्केवारीवर काम करणारा वकील काही देशांत रकमेचा तिसरा हिस्सा घेतो. माझ्यासारख्या किरकोळ प्रकरणात तेवढा फरक पडायचा आणि तेवढाच जायचा. हातात मुंग्या असत्या, चूक कोणाची यावर वाद असता, किंवा गाडीत लहान मूल असतं, तर मी पहिल्या दिवशी गेलो असतो. मुलांच्या तडजोडीला अनेक ठिकाणी न्यायालयाची मंजुरीच लागते. आणि सल्ल्यापुरती एकदा फी भरली होतीच, फक्त मुक्तिपत्र वाचून घेण्यासाठी. ते पैसे वसूल झाले. अज्ञात दुखापतींचं कलम निघालं नाही, पण आरोग्य विम्याच्या परतफेडीची रक्कम नेमकी आकड्यात लिहून घेता आली.

सेवेतला खरा दोष माझ्या मते दुसराच आहे. दावा लावायची मुदत संपत येते हे कंपनी कधीच सांगत नाही. बोलणी सुरू आहेत म्हणून कायद्याची मुदत सहसा थांबत नसते, आणि ती जागोजागी वेगळी. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्जासाठी सहा महिने ठरवले गेले. त्या तरतुदीला न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशा दुखापतीसाठी दावा लावायची पद्धतच नाही, सरकारी योजना उपचार बघते. ॲपमध्ये हिरवं बटण घालणाऱ्यांना एक तारीख दाखवणं अवघड नव्हतं. तुमच्या ठिकाणची तारीख तुम्हीच शोधून कॅलेंडरवर लाल करा.

सही केल्यावर पैसे ठरल्याप्रमाणे, वेळेत आले. त्यांनी मूळ पावत्या मागितल्या होत्या. मी मूळ दाखवल्या, पोच घेतली आणि स्वतःची सही केलेल्या छायाप्रती दिल्या. त्यावर त्यांचं काम भागलं.