शब्दशोधक अ‍ॅप शिकवणीत वापरून: शब्द भरपूर, अर्थ बेभरवशाचे

ऐरोलीत मी घरीच इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं पाचवी ते आठवीची, बरीचशी मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाची, काही रबाळे-घणसोलीहून येणारी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा, अमुक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द अर्थासकट शोधून देणारं एक अ‍ॅप घेतलं आणि पुढे वर्षाचे पैसेही भरले. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात, नव्याची नवलाई केव्हाच संपली आहे. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीची बरीच अ‍ॅपं आणि संकेतस्थळं मी चाळली. वरचा रंग सोडला तर आतला माल जवळपास सारखाच, त्यामुळे खालचं बरंचसं सगळ्यांना लागू पडेल.

वापरायला सोपं आहे. चार चौकटी: शब्द कशाने सुरू व्हावा, कशाने संपावा, मध्ये काय असावं आणि एकूण अक्षरं किती. माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं. फक्त ‘मध्ये काय असावं’ या चौकटीखाली एक बारीक बटण आहे, तिकडे आधी बघा. अक्षरं लागोपाठ हवीत की कशीही विखुरलेली चालतील, ते तिथे ठरतं, आणि मुळात ते ‘कशीही’वर ठेवलेलं असतं. ‘पी-एच’ मागितलं तर फोन आणि ग्राफच्या बरोबरीने शिप, शॉप, होप असली सगळी वरात येते. पहिल्याच दिवशी ते बटण बदलून टाका.

माझं खरं काम होतं सराव-कागद तयार करण्याचं. मुका ‘के’ शिकवायचा तर पूर्वी नी, नाइफ, नॉक, नो एवढ्यावर गाडी थांबायची. आता सुरुवातीला ‘के-एन’ टाकलं की नील, नॉट, निट, नॉब, नाइट असा भरगच्च रकाना मिळतो. आणि रकान्याची गंमत अशी की सुटा शब्द मुलं निमूटपणे पाठ करतात, पण दहा शब्द एकाखाली एक आले की प्रश्न विचारतात. “टीचर, वाचायचाच नाही तर ‘के’ लिहायचा कशाला?” उत्तर आहे: एकेकाळी तो वाचायचे. साधारण सतराव्या शतकापर्यंत इंग्रज माणूस ‘क्नाइफ’च्या जवळपासचं काहीतरी म्हणत असे, पुढे तोंडातून ‘क’ गळला आणि कागदावर राहिला.

‘एम-बी’ने संपणारे शब्द काढले तेव्हा तर अख्खा तास त्यातच गेला. लॅम, कोम, क्लाइम यांच्यातला ‘बी’ मूळचाच, पूर्वी उच्चारला जाणारा. पण थम, लिम आणि क्रम यांच्यात तो मुळात नव्हताच, बाकीच्यांचं बघून नंतर येऊन बसला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ तर विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी घुसवला. त्याआधी लोक तो शब्द सुखाने ‘बी’शिवाय लिहीत होते. यातलं काहीही अ‍ॅप सांगत नाही, ते मलाच वाचून काढावं लागलं. पण प्रश्न निघायला रकाना लागतो, आणि रकाना अ‍ॅप झटक्यात देतं.

पैसे भरल्यावर जे मिळालं त्यात सगळ्यात कामाचं म्हणजे शब्द नेहमीच्या वापराप्रमाणे लावण्याची सोय. फुकट आवृत्तीत यादी अकारविल्हे येते आणि ओळखीच्या शब्दांत असे शब्द मिसळलेले असतात, जे मी एवढी वर्षं शिकवूनही कधी पाहिलेले नाहीत. पाचवीच्या पोरापुढे असली यादी ठेवली तर त्याला वाटतं, हे सगळं आपल्याला यायला हवं. वापराप्रमाणे लावलं की पहिल्या वीसेक शब्दांत काम भागतं. तेवढ्यासाठी वर्षाचे दोनेकशे रुपये मला महाग वाटले नाहीत.

आता मूळ अडचण. हे यंत्र अक्षरं शोधतं, उच्चार शोधत नाही. इंग्रजीतच वाढलेल्या मुलाला याचा किती त्रास होत असेल ते मला सांगता येणार नाही, आपल्या मुलांना मात्र फार होतो, कारण देवनागरीत जसं ऐकलं तसं लिहिलं की बहुतेक वेळा बरोबर येतं. मुलाला ‘फ’ ऐकू येतो, तो ‘एफ’ टाकतो, आणि फोन, लाफ, रफ हे शब्द त्याच्या यादीत कधीच येत नाहीत. ‘श’चं तर विचारूच नका. रोज ऐरोली स्टेशनची पाटी वाचणारी मुलं वहीत स्टेशन लिहिताना ‘एस-एच’ घालतात, आणि का घालू नये? शुगरमध्ये नुसता ‘एस’, मशीनमध्ये ‘सी-एच’, स्पेशलमध्ये ‘सी-आय’, प्रेशरमध्ये दोन ‘एस’, स्टेशनमध्ये ‘टी-आय’. हा शब्द शोधायचा तर त्याचं स्पेलिंग आधी यायला हवं, आणि ज्याला ते येतं त्याला शोधायची गरज नसते. उच्चारावरून शोधण्याची सोय काही इंग्रजी संकेतस्थळांवर आहे. माझ्या अ‍ॅपमध्ये नाही, आणि वर्षभरात आलेल्या अद्ययावत आवृत्त्यांत त्यांनी रंग बदलले, चिन्हं बदलली, हे काही केलं नाही.

मी त्यातून वाट काढली ती अशी. मुलांना फोनच देत नाही. यादी मी काढते, छापते, आणि प्रत्येक शब्दापुढे मुलांनी उच्चार देवनागरीत लिहायचा. काही शाळांतल्या बाईंना हे पटत नाही, इंग्रजी शिकताना मराठी अक्षरं कशाला असं त्यांचं म्हणणं. मला त्यात तथ्य वाटत नाही. ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरं मधल्या चौकटीत टाकून बघा. रफ, कॉफ, दो, थ्रू, बाव, थॉट. अक्षरं तीच आणि उच्चार सहा. हे इंग्रजी लिपीत लिहून दिसत नाही, देवनागरीत एका नजरेत दिसतं. अ‍ॅपने हे गट स्वतः पाडून दिले असते तर मी दुप्पट पैसे दिले असते.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीच्या जोडीला इंग्रजी असतं. त्यासाठी दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवण्याचा सराव घेताना अक्षरं उलटसुलट करणारा भाग छान उपयोगी पडला. ‘टीचर’ या शब्दातून टी, ईच, एक, हीट, केअर, रेस, रीच, चीट, देअर असे कितीतरी निघतात. आणि सातही अक्षरं वापरली की ‘चीटर’ निघतो. वर्गात जो काय हशा पिकला! तीच सात अक्षरं फिरवून ‘हेक्टर’ही होतो, हे एका मुलीने यादीच्या तळातून शोधून काढलं, गावी सातबारा असलेल्या घरातली होती.

अर्थांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. शब्दांची यादी एकीकडून आणलेली आणि अर्थ दुसरीकडून, त्यामुळे दोघांची गाठ पडेलच असं नाही. एका सातवीतल्या मुलाने ‘अ‍ॅट’चा अर्थ बघितला. अ‍ॅपने सांगितलं: अ‍ॅस्टटिन, एक किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याखाली: लाओसचं नाणं, शंभर नाण्यांचा एक किप. तो अगदी प्रामाणिकपणे वहीत उतरवत होता. मग आम्ही सगळे मिळून शोधायलाच बसलो. ‘ही’ म्हणजे हेलियम. ‘इट’ म्हणजे माहिती तंत्रज्ञान. ‘हू’ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना. ‘इन’ म्हणजे इंच, इंडियम किंवा अमेरिकेतलं इंडियाना राज्य. ‘बिकॉज’ला अर्थच नाही, ‘फ्रॉम’ला नाही, ‘विथ’ला नाही. उलट ‘सिझिजी’ या शब्दाचा अर्थ मात्र व्यवस्थित: सूर्य, पृथ्वी, चंद्र यांच्यासारखे तीन गोल एका रेषेत येणं.

कारण अ‍ॅपच्या ‘आमच्याविषयी’ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं. अर्थ वर्डनेटमधून घेतलेले आहेत. वर्डनेट हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1985 मध्ये सुरू झालेलं इंग्रजी शब्दसंग्रहाचं काम. त्यात फक्त नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण घेतलेत. सर्वनामं, शब्दयोगी आणि उभयान्वयी शब्द मुद्दाम वगळले आहेत. त्यांचा हेतू शब्दांतली नाती मांडण्याचा होता, शाळेतल्या मुलाला अर्थ सांगण्याचा नव्हता, म्हणून वर्डनेटला बोल लावता येणार नाही. फुकट मिळतं म्हणून ते उचलून ‘संपूर्ण शब्दकोश’ असं लेबल चिकटवणाऱ्यांना मात्र लावता येतो. काही अ‍ॅपं 1913 चा वेबस्टर हा जुना अमेरिकन शब्दकोश वापरतात, त्याचे हक्क आता कोणाचेच नाहीत. त्यात अर्थ भरपूर असतात, पण ‘कॉम्प्युटर’ म्हणजे हिशेब करणारा माणूस. मराठीचंही वर्डनेट आहे बरं का, आणि ते आयआयटी मुंबईत झालं, म्हणजे आमच्या ऐरोलीच्या पुलापलीकडे पवईला. अ‍ॅपवाल्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. त्यांचं मराठी बटण यंत्राने केलेला एकच शब्द दाखवतं, मी ते बंद करून ठेवलंय. अर्थासाठी वर्गात छापील इंग्रजी-मराठी कोश आहे, आणि मुलं पानं उलटायला शिकली हा वर नफा.

फोन मुलांना न देण्याचं आणखी एक कारण सांगते. सुरुवातीला मी टीव्हीच्या पडद्यावर अ‍ॅप लावून सगळ्यांसमोर शोधायचे. एकदा ‘एस-एच’ने सुरू होणारे चार अक्षरी शब्द मागितले. शिप, शॉप, शट, शू, आणि मधोमध तो एक. पुढचं तुम्ही समजून घ्या. मुलांसाठी अशी गाळणी कुठेच नाही, सेटिंगमध्येही नाही. त्यांच्या मदतकक्षाला लिहिलं, ‘आपली सूचना मोलाची आहे’ एवढंच उत्तर आलं.

खेळासाठी घेणाऱ्यांना दोन शब्द. माझा भाचा माइंडस्पेसमधल्या एका कंपनीत आहे आणि मोबाइलवर स्क्रॅबल, म्हणजे हाती आलेल्या अक्षरांतून शब्द लावण्याचा खेळ, खेळतो. रविवारी आला की आमची बोर्डावर बैठक. त्याने ‘झेड-ओ’ लावला, माझ्या अ‍ॅपने चूक दाखवलं. “मावशी, तुझी यादी अमेरिकेची आहे,” तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. स्क्रॅबलच्या दोन मोठ्या याद्या आहेत. उत्तर अमेरिकेतली वेगळी आणि आपल्यासह बाकी बऱ्याच जगात चालणारी कॉलिन्सची वेगळी. दोन अक्षरी शब्द कॉलिन्सच्या 2019 च्या यादीत 127 आहेत, अमेरिकन यादीत त्याहून वीसेक कमी. तो ‘झेड-ओ’ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचं जनावर. सेटिंगमध्ये यादी बदलता येते, तेवढी बदला. ‘क्यू’ हातात अडकला आणि ‘यू’ नसला तर क्यूशी संबंधित शोध फार कामाला येतो: ‘ची’ (क्यू-आय), कव्वाली, तलाक, फकीर हे सगळे कॉलिन्सच्या यादीत ‘यू’शिवाय आहेत. अर्थ बघायची गरज आपल्याला तरी पडू नये.

याच भाच्याने नंतर माझ्या जुन्या लॅपटॉपवर एनेबल नावाची शब्दयादी टाकून दिली. अ‍ॅलन बील यांनी जमवलेली, कुणीही वापरावी म्हणून मोकळी सोडलेली, एक लाख बहात्तर हजारांहून जास्त शब्दांची. त्यावर ग्रेप ही 1970 च्या दशकातली, युनिक्स या संगणक प्रणालीतली मजकूर शोधणारी आज्ञा चालते. शब्दाच्या आरंभासाठी टोपीचं चिन्ह, शेवटासाठी डॉलरचं, झालं. अ‍ॅपपेक्षा वेगवान, जाहिराती नाहीत, तळमजल्यावर रेंज नसली तरी चालते. अर्थ अजिबात नाहीत, पण अ‍ॅपचे अर्थ पाहिल्यावर मला त्याची उणीव भासली नाही. आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर या वाटेला जाऊ नका, मलाही दोन रविवार लागले.

जूनमध्ये वर्गणी संपेल तेव्हा मी पुन्हा भरणार आहे, पण केवळ त्या वापराप्रमाणे लावलेल्या यादीसाठी. ग्रेपला ते जमत नाही. तुम्ही नव्याने घेत असाल तर पैसे भरण्याआधी फुकट आवृत्तीत ‘बिकॉज’ आणि ‘अ‍ॅट’ हे दोन शब्द टाकून अर्थ बघा. पहिल्याला काहीच आलं नाही आणि दुसऱ्याला लाओसचं नाणं आलं, तर त्यातल्या फक्त याद्या वापरायच्या.