प्लास्टिकचं झाकण की ॲल्युमिनियमचं?

ठाण्यातल्या आमच्या वहिनी घरचं कोकम सरबत बाटल्यांत भरून विकणारेत, सीलवालं झाकण कुठलं घ्यायचं यावर अडकल्यात, म्हणून लिहितोय.

प्लास्टिकच्या झाकणाला खाली रिंग असते, बारीक टाक्यांनी जोडलेली, ती बाटलीच्या मानेवरच्या कड्याखाली अडकते आणि झाकण फिरवलं की टाके तुटतात. आटे आधीच असतात त्यामुळे हातानेही लावता येतं. पण सगळा खेळ मापाचा, रिंग जराशी सैल असली तर न तुटता अख्खीच वर निघून येते, आणि गरम पाण्याने मऊ करून कुणी सोडवली तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही, मला हा धोका खरंच मोठा वाटतो. म्हणून 5-6 झाकणं उघडून बघाच.

ॲल्युमिनियमच्या टोपीला आटे नसतातच, मशीनचे रोलर ती बाटलीवर दाबून तिथेच आटे पाडतात, काचेचं माप किंचित इकडेतिकडे असलं तरी चालून जातं. खर्च मशीनचा. आणि उघडताना सील तुटून राहिलेली पत्र्याची कड बोटाला कापू शकते.

रोज 40-50 पेट (म्हणजे प्लास्टिकच्या) बाटल्या हाताने भरायच्या तर प्लास्टिकचं झाकण. काचेत भरून लांब पाठवायचं असेल आणि नवी मुंबईत रबाळे-तुर्भेच्या कारखान्यांकडे कुणी सील मारून देणारा मिळाला तर ॲल्युमिनियमच घ्या.