आधारवरून अवयवदानाची नोंदणी: फॉर्म सोपा, घर अवघड

सप्टेंबर 2023 मध्ये 'नोटो'ने, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, आधारशी जोडलेली अवयवदान-संकल्पाची ऑनलाइन नोंदणी सुरू केली. पाचापैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला, ते पुढे येईलच.

काम मोबाइलवर होतं, पैसे लागत नाहीत. वय 18 पूर्ण हवं. आधार किंवा आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा. मग रक्तगट, वेळप्रसंगी ज्याला कळवायचं त्याचं नाव-नंबर, आणि कोणते अवयव द्यायचे त्यावर खुणा. शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. इंदूरच्या सुदामानगर-लोकमान्यनगरातल्या आजी-आजोबांची गाडी ओटीपीपाशीच अडू शकते, कारण आधारला कुणाचा तरी बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. आधी आधार केंद्रात तो बदलून घ्या, मगच फॉर्मला बसा.

मन अडतं ते खुणांच्या पानावर. मूत्रपिंड, यकृत यांवर बोट पटकन पडतं, डोळ्यांपाशी थबकतं. अंत्यदर्शनाला आलेल्यांना काय दिसेल, हा विचार तिथे येतोच. वास्तविक रोपणासाठी लागतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. डोळा पूर्ण काढला तरी आत आधार ठेवून पापण्या मिटतात आणि चेहरा बिघडत नाही. एवढी एक ओळ त्या खुणेला चिकटूनच हवी. प्रश्नोत्तरांच्या पानापर्यंत कोण जातो? अर्धा तारा इथे गेला. तरीही मन घेत नसेल, तर डोळे सोडून बाकीचं निवडा. सगळं द्यायचंच अशी सक्ती नाही.

'सही केली की डॉक्टर प्रयत्न सोडतील' ही भीती माहितीने जाते. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, चाचण्या किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातलं कुणी त्या मंडळात नसतं. पण 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणणाऱ्या आजीवर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही. अपशकुनाशी वाद घालू नये. विमा, बँक यांचे नॉमिनी भरायला घर एकत्र बसतं, त्याच बैठकीत हेही उरकावं.

शिबिरांतून अपराधी वाटायला लावण्याचा प्रकार मात्र आम्हाला पटत नाही. नोंदणी न केल्याचा पश्चात्ताप होईल का, असं लोकांना आधी विचारून पाहण्याचा मोठा प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला. त्याने नोंदण्या वाढल्या नाहीत. अभिमानाचं तसं नाही. 2015 पासून इंदुरात ग्रीन कॉरिडॉर होत आले आहेत; अवयव वेळेत पोचावा म्हणून पोलीस विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करतात तेव्हा बघणाऱ्यालाही भरून येतं. 2025 मध्ये मध्य प्रदेश सरकारने अवयवदात्यांना गार्ड ऑफ ऑनर जाहीर केला, तो आम्हाला फॉर्मपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण तो नातेवाइकांच्या मनाला भिडतो.

आणि शेवटी सही त्यांचीच चालते. उरलेला अख्खा तारा याचाच कापला. संकल्प केलेला असला तरी जवळच्या नातेवाइकांनी संमतीचा फॉर्म 8 भरल्याशिवाय प्रत्यक्षात काही होत नाही. संकल्पाच्या कागदी फॉर्म 7 वर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. निदान त्या निमित्ताने घरात विषय तरी निघतो. ओटीपीला कुणाचीच गरज नाही, म्हणून प्रमाणपत्र मोबाइलमध्ये आणि घरच्यांना पत्ताच नाही, असं होऊ शकतं. डाउनलोड झाल्या झाल्या ते घरच्या ग्रुपवर टाका. संपर्कासाठी सगळ्यात लाडक्या माणसाचं नाव देऊ नका. आयसीयूबाहेर मामा-आत्यांसमोर जो ठामपणे बोलू शकेल, त्याचं द्या.

घरी मृत्यू आला तर मूत्रपिंड, यकृत देता येत नाहीत. त्यासाठी मेंदूमृत झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असावा लागतो. नेत्रदान मात्र 6 तासांत होऊ शकतं. पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीने थोडं उंच करा आणि नेत्रपेढीला फोन करा. दहावा-तेराव्याला याने कसलीच आडकाठी नाही.

देहदानाचा फॉर्म वेगळा, तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात भरायचा. अवयव काढलेला देह ते विभाग सहसा घेत नाहीत. नुसतं नेत्रदान झालेलं असेल तर चालतं.