पॅड, फिजिओ आणि पंप : प्रोस्टेट काढल्यानंतर पैसे कुठे वसूल झाले

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालो. वय 67. प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर निघाला, रोबोटने ती काढायचं ऑपरेशन झालं, पीएसए (या कॅन्सरची रक्ततपासणी) आता रिपोर्टात दिसू नये इतका खाली आहे. त्या बाबतीत तक्रार नाही. पण ऑपरेशननंतर लघवी गळते आणि ताठरता जाते, हा रिव्ह्यू त्यासाठी ज्या गोष्टींवर पैसे गेले त्यांचा. एरवी यांचे रिव्ह्यू शोधले तर ‘छान प्रॉडक्ट, पॅकिंग उत्तम’ एवढंच सापडतं. पॅकिंगचं काय घेऊन बसलात राव, चड्डी कोरडी राहते का ते सांगा!

आधी पॅड. लघवीची नळी काढली त्या दिवशी मेडिकलवाल्या पोराने कमरेपासूनचं मोठं डायपर हातात ठेवलं. पहिल्या एकदोन आठवड्यांना ठीक आहे, पण पँटच्या आत घालून चाललं की कुरकुर आवाज येतो आणि उन्हाळ्यात जांघा सोलून निघतात. नंतर काही जण बायकांचे पॅड वापरतात, ओळखीच्या दोघांनी तेच केलेलं. ते आपल्या कामाचे नाहीत. बायकांच्या पॅडमध्ये शोषणारा भाग मध्ये आणि मागे असतो, आपल्याला तो पुढे लागतो. पुरुषांसाठी त्रिकोणी, पुढून रुंद आणि खोलगट असे पॅड मिळतात, चिकटपट्टीवाले. तेच घ्या. दुकानात मागून आणतात, नाहीतर ऑनलाइन. एक अट आहे : आतली चड्डी घट्ट पाहिजे. ढगळ पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत जगातला कुठलाही पॅड जागेवर राहत नाही. याला पाचपैकी चार. एक तारा कापला तो किमतीसाठी. कंपनीचा दोष नसलेली आणखी एक अडचण म्हणजे बसस्टँडवर पुरुषांच्या मुतारीत वापरलेला पॅड टाकायला डबाच नसतो. काळी पिशवी खिशात ठेवायची आणि ती घेऊन गावभर हिंडायचं.

आता फिजिओ. हॉस्पिटलच्या एस्टिमेटमध्ये रोबोटचे पैसे वेगळे, रूमचे वेगळे, सगळं होतं. हे नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ : ‘कीगल एक्सरसाइज करा.’ कुठला स्नायू, किती वेळ, कसा, काही नाही. हा कीगल म्हणजे अमेरिकेतला बायकांचा डॉक्टर, त्याने 1948 साली बाळंतिणींसाठी हा व्यायाम मांडला. पुरुषाने तो कसा करायचा हे एका ओळीत कळत नाही. मी यूट्यूब बघून ढुंगण आवळत बसलो होतो. गळायचं ते गळतच होतं.

मग चिंचवडमध्ये ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा पत्ता मिळाला. त्यांचं नाव इथे टाकत नाही, पण ‘पेल्व्हिक फ्लोअर फिजिओ’ म्हणून विचारलंत तर पुण्यात असे लोक आहेत. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. मी खाली बघून बोलत होतो, तर ती म्हणाली, “काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असतं तर असंच बोलला असता का?” आणि लगेच डायग्राम काढून दाखवला.

मला पहिल्यांदा नीट समजलं ते असं. लघवीच्या वाटेवर दोन व्हॉल्व्ह होते. आतला मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालणारा, तो प्रोस्टेट काढताना गेला. बाहेरचा प्रोस्टेटच्या खाली, तो आपल्या मर्जीने आवळता येतो. इतकी वर्षं दोघांनी मिळून पेललेला लोड आता या एकट्यावर. म्हणून सकाळी कोरडं असतं आणि संध्याकाळी गळायला लागतं. बिघाड नाही, तो दमतो.

पोटावर सोनोग्राफीचा छोटा प्रोब ठेवून तिने स्क्रीनवर मूत्राशय दाखवलं. मी माझ्या पद्धतीने आवळलं, तर मूत्राशय उचललं जाण्याऐवजी खाली दाबलं गेलं. म्हणजे मी पोटाने जोर लावत होतो. ती म्हणाली, “ढुंगण सोडा, पोट सोडा, श्वास चालू ठेवा. आता फक्त लिंग आत ओढून घ्यायचंय असं करा, थंड पाण्यात उतरल्यावर करतो तसं.” स्क्रीनवर ती पांढरी रेघ टुणकन वर उचलली गेली. कुठलं काम करायचंय ते माझ्या शरीराला त्या क्षणी कळलं. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण फी पुन्हा देईन.

पुढचं सगळं कष्टाचं. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. काही वेळा हळू आवळून धरून ठेवायचं, काही वेळा झटक्यात. शिंक किंवा खोकला यायच्या आधी आवळायचं, खुर्चीतून उठायच्या आधी आवळायचं, गॅसची टाकी सरकवायच्या आधी आवळायचं. लघवी चालू असताना मध्येच रोखून व्यायाम करू नका असं तिने बजावलं, ती सवय मूत्राशयाला वाईट. पाणी कमी प्यायचं नाही हेही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्त चिडतं. चहा मात्र अर्ध्यावर आणायला लावला, आणि एसटीतल्या माणसाला हे ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

तिची मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे वजन. दिवसभराचे ओले पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजन करायचं, कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. त्यासाठी वेगळा डिजिटल काटा आणला (स्वयंपाकघरातल्याला हात लावायचा नाही, हे घरातून स्पष्ट झालं). “बरं वाटतंय का” या प्रश्नाला माणूस काहीही उत्तर देतो. काटा तसं करत नाही. बहुतेकांचं गळणं तीन महिने ते वर्षभरात आटोक्यात येतं असं तिने सांगितलं होतं. माझंही त्यात बसलं. आता पातळ पॅड फक्त लांबच्या प्रवासाला लावतो. वर्ष उलटूनही धो धो गळत असेल तर लघवीच्या वाटेला आधाराची पट्टी बसवायचं किंवा कृत्रिम व्हॉल्व्हचं ऑपरेशन असतं, तेव्हा युरोलॉजिस्टला सरळ विचारा, पॅडवर आयुष्य काढू नका.

फिजिओला पाचपैकी पाच. फक्त हे ऑपरेशनच्या आधी सुरू करायला हवं. स्नायू ठणठणीत असताना ओळखता येतो, नंतर चाचपडावं लागतं. ज्यांची तारीख ठरली आहे त्यांनी आजच अपॉइंटमेंट घ्या.

आता जे कोणी विचारत नाही ते. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना चिकटून ताठरतेच्या नसा जातात. त्या वाचवून ऑपरेशन करायची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 साली सुरू केली. त्याआधी हा विषयच संपायचा. माझी एका बाजूची वाचवली. पण वाचवलेली नसही ओढाताणीने बधिर होते, आणि परत यायला दीड-दोन वर्षं घेऊ शकते. रोबोट असला म्हणून हे टळत नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या नसेकडून निरोप आला तरच काम करतात, म्हणून सुरुवातीला मला त्यांचा उपयोग शून्य. आणि ज्यांच्या खिशात छातीसाठी सॉर्बिट्रेट असते त्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जायचंच नाही, बीपी एकदम कोसळतं.

म्हणून डॉक्टरांनी व्हॅक्यूम पंप लिहून दिला, म्हणजे हवा ओढून लिंगात रक्त खेचणारा. पार्सल उघडलं तर आमची ही म्हणाली, “आता हा कुठल्या गाडीचा पार्ट आणलात?” प्लॅस्टिकचा पारदर्शक सिलिंडर, हाताने दाबायचा पंप, रक्त अडवून धरायला लिंगाच्या मुळाशी चढवायच्या रबरी रिंगांचे चार साइज, जेल. फिटरच्या नजरेने सांगतो, काम चोख आहे. तोंडाशी जेल लावून सील नीट बसवा, पंप सावकाश मारा, मध्ये थांबा. महत्त्वाचा पार्ट म्हणजे प्रेशर लिमिटचा व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम जास्त झाला की आपोआप हवा आत घेतो. ‘साइज वाढवा’ म्हणून जे स्वस्तातले विकतात त्यातल्या ज्यात तो व्हॉल्व्ह नाही, त्याला हात लावू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

नसेची गरज नसल्याने ताठरता पहिल्याच दिवशी आली, हे खरं. पण ती कशी ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो : लिंग थोडं निळसर आणि गार पडतं, आणि मुळाशी रिंग असल्याने बुडातून हलतं. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायचीच. पहिल्या वेळी आम्ही दोघं घड्याळाकडेच बघत होतो, मग हसूच आलं. हिने मोबाइलवर अलार्म लावला आणि तेव्हापासून जरा बरं चाललंय. पंपाने नसा लवकर जाग्या होतात याला पक्का पुरावा नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. लांबी आखडू नये यासाठी रिंगेशिवाय रोज थोडा वेळ वापरायला सांगितला.

एक गोष्ट पंपाशिवायही होते. ताठरता नसली तरी सुखाचा शेवट येतो, फक्त बाहेर काही येत नाही, कारण ते बनवणारे भागच काढलेले असतात. क्वचित लघवीचे थेंब येतात, आधी मूत्राशय रिकामं करून घ्या. हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं असतं तर आमचे कित्येक महिने अबोल्याचे गेले नसते.

पंपाला साडेतीन. पार्ट चांगला, मॅन्युअल फक्त इंग्रजीत आणि त्यातलं चित्र मुंगीएवढं. विक्रेत्याने सुटी रिंग द्यायला टाळाटाळ केली, पूर्ण सेट घ्या म्हणाला, तेव्हा विकत घेण्याआधी सुटे पार्ट मिळतात का ते विचारून घ्या. खोक्यातली जेल लवकर संपते. मेडिकलमध्ये वॉटर-बेस्ड, म्हणजे तेल नसलेली, कुठलीही साधी जेल मागा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं आणि सील सुटतं.